औचित्य आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग

मेखला गळ्यात आणि हार कमरेला घातला, तर शोभा वाढत नाहीच, उलट हसे होते. 11व्या शतकातील काश्मिरी आचार्य क्षेमेंद्राचे हे उदाहरण साहित्यशास्त्राच्या तासाला आम्ही दोघेही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. त्याचा औचित्यविचार आम्हांस नव्याने उमगला तो मात्र ट्रॅक्टरच्या हेडसाठी सहा स्प्रिंगा निवडताना.

तीन सिलिंडरांचा हा ट्रॅक्टर आमच्यापैकी एकाच्या थोरल्या बंधूंचा, चालवतो पुतण्या. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरची दुरुस्ती ही साऱ्या घराची बाब असते. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि 'कोयते', म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, मुलाबाळांसह व बिऱ्हाडासह ट्रॉल्यांत बसून पश्चिम महाराष्ट्राची वा कर्नाटकाची वाट धरतात. हेड ग्राइंडिंग होऊन आले होते. प्रश्न स्प्रिंगांचा उरला होता. जुन्याच घालाव्यात, स्वस्त घ्याव्यात, की अधिक कडक? "काका, ओझं ओढायचंय, कडकच घेऊ," असे पुतण्याचे म्हणणे. मिस्त्री एवढेच म्हणाले, "कडक स्प्रिंग कॅम खाईल."

त्यांच्या या चार शब्दांत बरेच काही सामावलेले आहे. व्हॉल्व्ह उघडतो तो कॅमच्या रेट्याने. मिटतो तो स्प्रिंगच्या ताणाने. मिनिटाला 2000 फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह 1000 वेळा उघडतो. 10 तासांच्या कामात 6 लाख वेळा. ओझे ओढण्याची शक्ती स्प्रिंग देत नाही. तिचे काम व्हॉल्व्हला वेळेवर जागेवर आणण्याचे. गरजेपेक्षा ती कडक असेल, तर जादा दाब कॅम, टॅपेट आणि रॉकर यांवर पडतो आणि ते लवकर झिजतात.

सैल स्प्रिंगचा धोका घाटात कळतो. धारूरहून तेलगावकडे उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन उतरताना चालक खालचा गिअर टाकून इंजिनाच्याच आधाराने वेग आवरतो. गव्हर्नर फार तर डिझेल तोडील. मागून ढकलणारे ओझे मात्र इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे पळवू शकते. अशा वेळी सैल स्प्रिंगचा व्हॉल्व्ह कॅमच्या मागे पडतो, वेळेत मिटत नाही आणि पिस्टनवर आदळू शकतो. नेमक्या उतारावर इंजिनाचा आधार सुटला, तर सारी भिस्त ब्रेकवर येते.

म्हणून मिस्त्रींनी प्रत्येक जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगेशेजारी उभी करून उंची पाहिली, गुण्या लावून ती कललेली नाही ना हे तपासले. गंजाचे बारीक खड्डे दिसले ती बाजूला काढली. तडा बहुधा तेथूनच सुरू होतो. ग्राइंडिंगमुळे व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा खोल बसतो, त्याची दांडी वर येते आणि स्प्रिंगला जागा वाढून नव्या स्प्रिंगचाही ताण उतरतो. तो फरक मोजून खाली पातळ वॉशर द्यावा लागतो; तो जाड झाला, तर व्हॉल्व्ह उघडताना वेढ्याला वेढा भिडतो. ज्या स्प्रिंगेचे वेढे एका टोकाला दाट असतात, तिचे ते टोक हेडकडे बसवायचे. दांडीवरचे दुभंगलेले लॉकही नवे घेतले. ते निसटले, तर व्हॉल्व्ह थेट सिलिंडरमध्ये पडतो.

अखेर घेतल्या त्या कंपनीने त्या इंजिनासाठी ठरवलेल्या मापाच्याच सहा स्प्रिंगा. सर्वांत स्वस्त नव्हेत आणि सर्वांत कडकही नव्हेत. काव्यात औचित्य ढळले, तर रसभंग होतो आणि तेवढ्यावर भागते. ट्रॉलीत मुले बसलेली असताना तेवढ्यावर भागत नाही.

असो. हंगामापूर्वी ज्यांचे हेड उतरणार असेल, त्यांनी स्प्रिंगेच्या किमतीआधी तिची उंची आणि ताण पाहून घ्यावा, एवढीच विनंती.