३क्ष + २य

केशोरीची मिरची साऱ्या मुलखात नावाजलेली. ती तोडणाऱ्या हातांची आग कुणी विचारत नाही. भावाची पोरगी सातवीत. दिवसभर मायसंगं मिरच्या तोडून आली आणि भगभगत्या बोटांनी बीजगणित घेऊन बसली. मी मिलमधून दोन दिवसांच्या सुटीवर आलो होतो. वहीत डोकावलं.

३क्ष + २य = ५क्षय.

"हे का लिवलं वं?"

"बेरीज. तीन न् दोन पाच नाही होत का, काका?"

शाळेच्या पुस्तकात एक्स-वाय असतं. आमच्या घरात क्ष-य, कारण मी ज्या जुन्या पुस्तकावर शिकलो त्यात तेच होतं. सातवीत शाळा सुटली. पुढं रद्दीतलं ते बीजगणित मिलच्या कोंड्याच्या ढिगाआड बसून वाचलं. त्यात पहिल्यांदा 'सजातीय पदे' हा शब्द दिसला आणि डोकं फिरलं. इथंही जात! पुस्तक भिरकावलं. दुसऱ्या दिवशी उचललं, तर आत उलटंच लिहिलेलं. अक्षर सारखं, त्याचा घात सारखा, की झाली पदं सजातीय. पुढचा आकडा, सहगुणक, लहान असो की मोठा. २क्ष आणि ९०क्ष एकाच पंगतीला. जन्म कुणी विचारत नाही.

पोरीला म्हटलं, "क्ष म्हणजे धानाचा कट्टा, य म्हणजे तांदळाचा. तीन धानाचे, दोन तांदळाचे. घरात का हाय?"

"तीन धानाचे न् दोन तांदळाचे."

"मंग तसंच लिव. मधातलं अधिक राहू दे. आता क्ष दोन धर, य तीन धर. सहा न् सहा बारा. तुह्या पाच क्षयाचे किती? पाच गुणिले दोन गुणिले तीन. तीस."

ती हसली. क्षय म्हणजे काय ते तिला सांगावं लागलं नाही. तिचा आजा, माझा बाप, त्यानंच गेला.

रात्री झोप येईना. पोरीची चूक मी खोडली, पण तीच चूक मी दर आठवड्याला सही करून घेत होतो. धानाचा कट्टा ४० किलोचा, तांदळाचा ५० चा. एका पाळीत मी धानाचे ४० आणि तांदळाचे ३० वाहिले, की मुनीम लिहायचा: ७० कट्टे. दर धानाचा.

परत गेल्यावर विचारलं, "७० काय?"

"कट्टा तो कट्टा. तुले काय कराचं आहे?"

मी मांडून दाखवलं. ४० × ४० म्हणजे १६००. ३० × ५० म्हणजे १५००. एकूण ३१०० किलो. तुमच्या वहीत ७० × ४०, म्हणजे २८००. माझ्या पाठीनं ३०० किलो फुकट वाहिले.

दोन दिवस मला कामावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी अकरा हमालांनी तोच हिशेब मागितला. अकरा जणांचा क्ष एकच होता. आता वहीत दोन रकाने आहेत.

दोस्तहो, आपण कार्यकर्तेही रोज बेरजा करतो. केशोरी भंडारा जिल्ह्यात होती तेव्हाची, १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक आठवा. मतदारसंघ दोन जागांचा, मतदाराला दोन मतं. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब पडले. सभेत जोडलेली पदं मतपेटीत वेगळीच राहिली. वेगळी पदं शेजारी ठेवावीत, मधे अधिक ठेवावं, पण ती एक झाली असं लिहू नये.

आणि आपलं आपल्यात काय? ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष निघाला. पुढं त्याचे गट झाले, गटांचे गट झाले. अक्षर एकच. झेंडा निळाच. पण ३क्ष आणि उणे ३क्ष हीदेखील सजातीयच पदं. त्यांची बेरीज शून्य.

म्हणून ऐक्याची बैठक असली की मी कोपऱ्यात बसून दोनच गोष्टी विचारतो: तुमचं अक्षर कोणतं, आणि पुढचं चिन्ह कोणतं? पुष्कळदा माझ्यावरच ओरडतात. ओरडू द्या. हिशेब मागायला मी मुनीमासमोर शिकलो.

जय भीम.