अँबॅसेडरच्या शाफ्टचा प्ले

अंबाजोगाईत पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी बाळगणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. गाडीने झटके दिले की पहिला दोष पेट्रोलला, दुसरा कार्बोरेटरला आणि मे महिना असेल तर तिसरा उन्हाला. डिस्ट्रिब्युटरपर्यंत सहसा कुणी पोचत नाही. पोचलाच, तर पॉइंट काढतो, पॉलिश पेपरने घासतो, पुन्हा बसवतो आणि पुढच्या महिन्यात भेटू म्हणतो. माझ्या मार्क थ्री अँबॅसेडरचं बरीच वर्षं असंच चाललं होतं.

गाडी 1978 ची, थोरल्या काकांची. ते बीडच्या कोर्टात वकिली करायचे. तेव्हा बीडमध्ये पांढरी अँबॅसेडर दिसली की ती कलेक्टर कचेरीची, जिल्हा परिषदेची, नाहीतर एखाद्या कारखान्याच्या चेअरमनची, असं लोक धरून चालायचे. काकांची गाडी काळी होती, म्हणून नाक्यावर तिला सलाम मिळत नसे. काकांनंतर ती माझ्याकडे आली. मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. कॉइल, कंडेन्सर आणि ठिणगी फळ्यावर काढण्यात हयात गेली. तेच प्रकरण बॉनेटखाली पाहायला मिळणार, याचं मला अप्रूप होतं.

दुखणं असं होतं. अंबाजोगाईहून केज, नेकनूर करत बीडला जाताना गाडी बरी चाले. परतताना मांजरसुंब्याचा घाट लागला की तिसऱ्या गिअरमध्ये टकटक नॉकिंग सुरू होई आणि मधूनच एखादा सिलिंडर गैरहजर राही. मिसिंग म्हणतात ते हेच. वर पोचून गाडी सपाटीला लागली की पुन्हा सगळं शांत. उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचा उपाय आमच्याकडे पिढीजात आहे. इंजिनाच्या अंगावरच्या पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो, हे खरंही आहे. पण डिसेंबरच्या थंडीतही तेच होऊ लागलं, तेव्हा फडक्याचा उपयोग संपला. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने कार्बोरेटरच बदला म्हणून सांगितलं आणि एस्टिमेट हातात दिलं. ते मी घडी करून खिशात ठेवलं.

रोग ओळखला तो गावातल्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने. सगळे त्यांना मामू म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी इंजिन चालूसुद्धा केलं नाही. दोन क्लिपा सोडवून डिस्ट्रिब्युटरची कॅप बाजूला केली, रोटर चिमटीत धरला आणि डावी-उजवीकडे हलवला.

"सर, पेट्रोलला कशाला नावं ठेवायलात? शाफ्ट बघा कसा हालायलाय."

मी हात लावून पाहिला. रोटर गोल फिरवला तर थोडा फिरतो आणि सोडल्यावर स्प्रिंगने मागे येतो. तसं व्हायलाच हवं, कारण खाली अॅडव्हान्सची वजनं आणि स्प्रिंगा असतात. पण हा रोटर आडवाही हलत होता. आडवा हलायचं त्याला काही कारण नाही.

हे एवढंसं हलणं गाडीला किती महागात पडतं, ते आकड्यांनीच कळतं. चार सिलिंडरच्या इंजिनाचे मिनिटाला 3000 फेरे होत असतील, तर डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट त्याच्या निम्म्याने, म्हणजे 1500 वेळा फिरतो आणि प्रत्येक फेऱ्यात पॉइंट चारदा उघडतात. सेकंदाला शंभर ठिणग्या. या जातीच्या लुकास डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटमधली फट 0.014 ते 0.016 इंच ठेवायची असते, म्हणजे मिलिमीटरच्या चार दशांशाइतकी. शाफ्टच जर त्यातल्या निम्म्या अंतराने इकडेतिकडे होत असेल, तर फिलर गेज घालून घेतलेलं माप फक्त त्या क्षणापुरतं खरं. कॅमच्या एका टोकाला फट जास्त, दुसऱ्याला कमी. फट बदलली की ठिणगीची वेळही पुढेमागे होते, म्हणजे चार सिलिंडरांना चार निरनिराळी टायमिंगं. एकाला लवकर ठिणगी मिळाली की तो घाटात नॉक करणार आणि दुसऱ्याला कमजोर मिळाली की तो मिसिंग मारणार. बिचारा कार्बोरेटर उगाच बदनाम.

ही पॉइंट-कंडेन्सरची पद्धत अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगची. 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांपासून ती वापरात आली आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. तिच्यातलं सगळं नाजूक काम एका बोटभर शाफ्टवर आणि तो ज्यात फिरतो त्या बुशवर अवलंबून. पॉइंटची स्प्रिंग शाफ्टला सतत एकाच बाजूला ढकलत असते, म्हणून बुश झिजतो तोही एका अंगाने. गोल भोक लंबगोल होतं.

आता नवा डिस्ट्रिब्युटर घ्यायचा की जुना दुरुस्त करायचा? मामूंचं म्हणणं, मुंबईत ऑपेरा हाउसला किंवा पुण्यात नाना पेठेत जाऊन बघा, पण जुना मिळाला तर त्याचाही बुश गेलेलाच असेल. पटण्यासारखं होतं. अँबॅसेडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं आणि पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर तर त्याच्या कितीतरी आधी मागे पडला. ओळखीचे एकजण म्हणाले, इलेक्ट्रॉनिक किट टाका, पॉइंटची कटकटच नको. किट चांगलं असतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण झिजलेल्या बुशवर किट बसवणं म्हणजे गळक्या छपराला रंग देणं. शिवाय ते रात्री नेकनूरला बंद पडलं तर कुणाला दाखवायचं? पॉइंट असले तर निदान कुणीतरी घासून देतो. आणखी एक कारण माझ्या मनात होतं. पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना केंद्र सरकारने 2021 पासून 'व्हीए' मालिकेचा वेगळा नंबर द्यायची सोय केली आहे. माझी गाडी 2028 मध्ये पन्नाशीला पोचेल. तोवर तिच्यात होता होईल तो परकं काही घालायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

इथे एक आडवाटेचा फायदा झाला. अँबॅसेडरचं 1489 सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. 1955 मध्ये निघालेली एमजीए ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार याच घराण्याच्या 1489 सीसीच्या इंजिनावर पळायची. आपल्याकडे ज्या इंजिनाने तहसीलदार ओढले, त्याच्या भावंडाने तिकडे शर्यती मारल्या. त्या स्पोर्ट्स गाड्यांचे षौकीन इंग्लंडमध्ये अजून खूप आहेत, म्हणून लुकासच्या जुन्या डिस्ट्रिब्युटरचे बुश, पॉइंट, कॅप तिकडे आजही नव्याने बनतात. माझा भाचा तिकडे नोकरीला आहे. दिवाळीला येताना त्याने बुश आणला. त्याच्या आईने आधी विचारलं, "दादा, एवढ्या लांबून मागवायला दुसरं काही सुचलं नाही का?"

डिस्ट्रिब्युटर काढणं सोपं, उघडणं जोखमीचं. शाफ्टच्या खालच्या टोकाला जी दातेरी टोपी असते, तिचे दात मधोमध नसून एका बाजूला सरकलेले असतात, म्हणजे डिस्ट्रिब्युटर इंजिनात एकाच प्रकारे बसतो. पण ही टोपी ज्या पिनने शाफ्टला जोडलेली असते, ती पिन ठोकून काढल्यावर टोपी उलटी बसवली, तर रोटर बरोबर विरुद्ध दिशेला तोंड करतो आणि गाडी चालूच होत नाही. मामूंनी आधी कानसीने दोन्हीवर एक ओरखडा मारून ठेवला. मग शाफ्टला मायक्रोमीटर लावला. शाफ्ट जवळजवळ कोरा निघाला. तो झिजला असता, तर नव्या बुशचाही उपयोग नव्हता.

हा बुश कांस्याची भुकटी दाबून आणि तापवून बनवलेला असतो. त्याला बारीक छिद्रं असतात आणि त्या छिद्रांत तेल मुरतं, म्हणून तो स्वतःच स्वतःला वंगण पुरवतो. बसवण्याआधी तो इंजिन ऑइलमध्ये चोवीस तास बुडवून ठेवायचा. घाई असेल तर तेल 100 अंशांपर्यंत तापवून दोन तास ठेवायचं आणि तेलातच थंड होऊ द्यायचं. आम्हाला घाई नव्हती. वाटीभर तेलातला बुश रात्रभर आणि दुसरा दिवसभर स्वयंपाकघराच्या फळीवर राहिला.

पुढचं काम लेथवाल्याचं. आमच्याकडे विहिरी आणि बोअर आहेत, त्यामुळे पाणबुडी मोटरचे बुश बनवणारे लेथ गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचा हात मापाला पक्का आहे. त्याने आधी गनमेटलचा बुश इथेच वळून देतो म्हणून सुचवलं. चाललाही असता, पण त्याला तेलाची छिद्रं नसतात. मी त्याच्याकडून बुश नाही, बुश दाबायचं हत्यार करून घेतलं. बुश आवरणात दाबला की त्याचं भोक किंचित आवळतं. मग रीमर मारायचा मोह होतो. पण रीमर फिरला की छिद्रांची तोंडं बुजतात आणि बुशचा गुणच जातो. म्हणून आत शाफ्टच्या मापाची, काचेसारखी घोटलेली पिन घालून बुश तिच्यासकट दाबायचा. लेथवाल्याने पिन वळली, पॉलिश केली, डोळ्यासमोर धरून पाहिली आणि पुन्हा पॉलिश केली. वाइसमध्ये धरून बुश आत सरकला. पिन ओढून काढली आणि शाफ्ट घातला, तो स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली उतरला. आडवा हलवून पाहिला. काहीच नाही.

पॉइंट नवे घातले, रोटर मात्र जुनाच ठेवला. हल्ली बाजारात मिळणाऱ्या काही रोटरांवर वर रिव्हेट असतो आणि तिथून करंट शाफ्टमध्ये उतरतो, ही जुन्या गाडीवाल्यांची सर्वत्र तक्रार आहे. बेसप्लेटची अर्थची वायरही मामूंनी चिमट्याने ताणून पाहिली. वरून सुताचं वेष्टण धड, आत तांबं तुटलेलं. तीही बदलली.

टायमिंग बल्बने लावलं. पुलीची खूण मॅन्युअलात दिलेल्या जागी आणायला गाडी टॉप गिअरमध्ये घालून इंचाइंचाने ढकलली, बल्बचं एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या कॉइलच्या बाजूला आणि दुसरं अर्थला दिलं, इग्निशन ऑन केलं आणि डिस्ट्रिब्युटर हळूच फिरवत नेला. पॉइंट उघडले त्या क्षणी बल्ब लागला. तिथेच नट आवळला.

मांजरसुंब्याचा घाट गाडी आता तिसऱ्यात चढते. नॉकिंग नाही, मिसिंग नाही. कार्बोरेटर तोच जुना आहे आणि एस्टिमेटचा कागद अजून खिशातच असेल.

बुश इतका झिजला तो तेलाअभावी. ऑइल बदलताना रोटर उचलून शाफ्टच्या डोक्यावर दोन थेंब पातळ तेल, बेसप्लेटच्या फटीतून दोन थेंब खालच्या वजनांना आणि कॅमवर बोटाच्या टोकावर मावेल इतकंच ग्रीस लावायचं असतं. जास्त झालं तर ते पॉइंटवर जातं आणि पॉइंट जळतात. गॅरेजमध्ये हे कुणी करत नाही, सांगितलं तरच करतात. तुमच्याकडे अँबॅसेडर, पद्मिनी किंवा पेट्रोलची जुनी जीप असेल, तर पुढच्या वेळी गॅरेजला पॉइंट बदलायला सांगण्याआधी कॅप काढा आणि रोटर आडवा हलवून बघा. हलला तर आधी बुश बदला.