जबलपूरचा रविवार

सकाळची उपासना हिंदीतून. १९७० साली नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यातलीच आमची मंडळी. इथे कोण कुठल्या मुलखातून आलंय, याची फारशी चौकशी होत नाही. गायकवृंदात मी मागच्या ओळीत. चाल येते, हिंदी शब्द शोधावे लागतात.

दुपारी लग्न. शपथा हिंदीत झाल्या, पण जेवणाआधी नवऱ्याच्या आत्याबाईंनी पेटी पुढे ओढली आणि ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचं मराठी भजन सुरू केलं. टाळ नव्हते, कुणीतरी चमचे वाजवले. टिळकांना नवा करार मिळाला तो १८९३ साली, नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत. म्हणजे हा किस्सा आमच्या बाजूचा. टिळक आपलेच म्हणणाऱ्या नगर-नाशिककरांनी उगाच मक्ता सांगू नये! बाप्तिस्मा पुढे १८९५ साली, मुंबईत. अभंगाची चाल त्यांनी सोडली नाही, म्हणून त्यांची पदं ऑर्गनवर अवघडतात आणि पेटीवर मोकळी होतात, असं माझं ठाम मत. खव्याची जिलबी मात्र पुन्हा मागून घेतली.

नाताळाआधी एक संध्याकाळ मराठी भजनांची ठरली आहे. ज्यांच्या घरात ‘उपासना संगीत’ हे जुनं गीतांचं पुस्तक असेल त्यांनी ते घेऊन यावं. तबलजीही हवाय.