मीटरला माझा विरोध का मावळला

नळाला मीटर बसवायला माझा विरोध होता, आणि तो अगदी मनापासून होता. पाणी मोजायला लागले की उद्या विकायला काढतील, मग गरिबाचा नळ तोडतील, असं मी सभांमधून बोलत आलो. पाणी कमी पडतंय? आणखी एक धरण बांधा, एवढंच माझं म्हणणं असे.

धरणावरची ती भिस्त आधी ढळली. पेण तालुक्यात भोगेश्वरी नदीवर हेटवणे धरण आहे. त्याचं पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईकडे जातं. त्याच तालुक्यातल्या खारेपाटात मात्र विहिरी खारट, आणि एप्रिल उजाडला की बायाबापड्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. पाणी साठलं म्हणजे ते जवळच्या माणसाला मिळतंच, असं नाही.

मीटरबद्दलचं मत बदललं ते आमच्या गावच्या कोळीवाड्यात, शेवटच्या गल्लीत. व्हॉल्व्हमननं चावी फिरवली की टाकीजवळच्या घरांतले टिल्लू पंप एकदम सुरू होतात. शेवटच्या नळाला आधी नुसती हवा, मग करंगळीएवढी गढूळ धार. पाणी बंद असताना रिकाम्या पाइपात गळतीच्या भोकांतून गटाराचं पाणी ओढलं जातं, तेच आधी बाहेर येतं. दोन कळश्या भरेतो धार संपते. पाणीपट्टी मात्र तिथल्या बाईला आणि वाटेवरच्या बंगल्याला सारखीच, वर्षाची ठोक रक्कम. त्या बंगल्याची बागही याच पाण्यावर. जिला मी गरिबाची ढाल समजत होतो, त्या ठोक पट्टीत बंगल्याच्या बागेचा भार कोळीवाडा उचलत होता.

कराडजवळच्या मलकापूर नगरपंचायतीनं 2009 च्या सुमारास चोवीस तास पाणी दिलं, ते नळांना मीटर लावून आणि चढत्या टप्प्यांचे दर ठेवून. जपून वापरेल त्याला स्वस्त, उधळेल त्याला महाग. पाणी हमखास येणार म्हटल्यावर पिंपं भरून ठेवायची आणि सकाळी ‘शिळं’ म्हणून ओतून द्यायची गरजच उरत नाही.

गरिबाचा नळ तुटेल ही भीती अजून आहे. म्हणून पहिल्या टप्प्याचा दर नाममात्रच हवा, आणि तो नगरपालिकेच्या सभेत उघडपणे ठरायला हवा. पहिला मीटर कुणाच्या दारात न लावता टाकीच्या तोंडाशी लावा. टाकीतून किती सुटलं, बिलात किती आलं आणि मधलं कुठे मुरलं, हे दर महिन्याला नगरपालिकेच्या फलकावर लिहा. मग आमच्या गल्लीत मीटर घेऊन या.