मुदतीवांचून विरह

आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं नायिकांचे जे आठ प्रकार मोजून ठेविले आहेत, त्यांत प्रोषितभर्तृका ही एक आहे. कांहीं कामानिमित्त जिचा पति दूरदेशीं गेला आहे, ती प्रोषितभर्तृका. तिची सुटलेली वेणी, तिचा मळका वेष, तिची उडालेली झोप, यांतलें कांहींही शास्त्रकारांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. परंतु जिचा पति परदेशांतून तिला बोलावीत आहे, जिची पेटी भरून तयार आहे, वाटखर्चाचे पैसेही तयार आहेत, आणि केवळ एका लहानशा पुस्तिकेच्या पानावर एक शिक्का उमटत नाहीं म्हणून जी माहेरीं अडकून बसली आहे, तिला कोणत्या वर्गांत घालावयाचें हें मात्र त्यांनीं सांगितलेलें नाहीं. सांगणार तरी कसें? पारपत्र आणि व्हिसा हे पदार्थ त्यांच्या काळीं निघालेलेच नव्हते.

विरह आमच्या वाङ्मयाला नवा नाहीं. महाराष्ट्री प्राकृतांतील गाथासप्तशतींत एक विरहिणी आहे. पति गेल्याचे दिवस मोजावे म्हणून ती भिंतीवर रेघा ओढूं लागते; पण पहिल्या दिवसाचा अर्धा भाग सरतो न सरतो तोंच सारी भिंत रेघांनीं भरून जाते. कालिदासाचा यक्ष याच्या उलट. त्याला स्वामीच्या शापानें एक वर्ष दूर राहावें लागलें. पण शाप केव्हां संपणार हें त्याला नक्की ठाऊक आहे. कार्तिकांतल्या प्रबोधिनी एकादशीस शेषशायी भगवान् उठले कीं आपण सुटलों, उरलेले चार महिने कसेबसे काढ, असा निरोप तो मेघाबरोबर पत्नीला धाडतो. कुबेर कठोर खरा. परंतु त्यानें मुदत सांगितली, आणि ती मागाहून वाढविल्याचें कालिदासानें कोठें लिहिलेलें नाहीं. रामाचा वनवास चौदा वर्षांचा, पांडवांचा बारा आणि वर एक. आपल्या पुराणांतल्या शिक्षा भयंकर असतात, पण त्या मोजून दिलेल्या असतात.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, तो आम्हांस ग्रंथांत नव्हे तर घरांत पाहावयास मिळाला. आमच्या भाचीचें लग्न २०२० च्या फेब्रुवारींत कोल्हापुरास झालें. जांवई अमेरिकेंत नोकरीला. तीन आठवड्यांची रजा काढून आलेले, महिना संपण्यापूर्वींच परत गेले. तिनें मागाहून जावयाचें हें ठरलेलेंच होतें. लग्नाचा दाखला, दोघांचीं पारपत्रें, जांवयांच्या नोकरीचे कागद, सारें एका फायलींत लागलें. लग्न खरें आहे, केवळ कागदावरचें नाहीं, हें परक्या अधिकाऱ्यास पटवावें लागतें. म्हणून अंतरपाटाचें, सप्तपदीचें आणि पंगतीचेंही छायाचित्र त्या फायलींत होतें. पंगतीच्या छायाचित्रांत आम्ही जिलबी खात आहों. आमच्या भुकेची साक्ष दोन राष्ट्रांच्या व्यवहारांत काढली जाईल, असें आम्हांस स्वप्नांतही वाटलें नव्हतें. मुलाखतीसाठीं मार्चच्या अखेरच्या आठवड्यांत मुंबईस जावयाचें होतें.

पुढें काय झालें हें वाचकांस ठाऊकच आहे. १३ मार्चपासून आपल्याच सरकारनें परदेशी लोकांचे बहुतेक सर्व व्हिसा स्थगित केले. परदेशचें नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांस त्यांच्या कार्डावर मिळणारा मुक्त प्रवेशही थांबविला. १६ मार्चपासून अमेरिकेच्या भारतांतील वकिलातींनीं नेहमींच्या व्हिसाच्या मुलाखती रद्द केल्या, आणि २० मार्चला तोच नियम जगभर लागू झाला. २२ मार्चला परदेशीं जाणारीं-येणारीं विमानें थांबलीं, २५ मार्चला सारा देशच थांबला. साथ भयंकर होती. दारें लावून घेणें सर्वांनाच प्राप्त होतें. तेव्हां त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं.

परंतु दार लागल्यानंतरची कथा निराळी आहे. २२ जून २०२० रोजीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं जाहीरनामा काढला, कीं परदेशांतून येणारे कांहीं वर्गांचे नोकरदार आणि त्यांचीं कुटुंबें यांस ३१ डिसेंबरपर्यंत नवा प्रवेश नाहीं. ऑगस्टमध्यें अपवादाच्या कांहीं वाटा सांगण्यांत आल्या. पण त्या वाटांच्या तोंडाशीं जी मुलाखत लागते, तिची तारीखच मिळेना. ३१ डिसेंबर उजाडला, आणि त्याच दिवशीं मुदत ३१ मार्च २०२१ पर्यंत वाढली. ती संपते तोंच दुसरी लाट आली, आणि ४ मे पासून भारतांतून येणाऱ्या बहुतेकांस नवी बंदी झाली. ती उठली ८ नोव्हेंबर २०२१ ला. मुदत न देणें वाईट. पण देऊन ती सरकवीत नेणें त्याहूनही वाईट, असें आमचें मत याच काळांत बनलें. ठरलेला दिवस जवळ येऊं लागला कीं मन आपोआप उठून उभें राहतें, आणि उभ्या माणसाला खालीं बसविणें फार कठीण असतें.

नवविवाहितेच्या पहिल्या वर्षाचें एक स्वतंत्र पंचांग असतें, आणि तें कोणत्याही वकिलातीसाठीं थांबत नाहीं. श्रावणांत मंगळागौर आली. खेळायला चौघीजणीही जमूं शकल्या नाहींत. त्या वर्षीं आश्विन अधिक होता, १८ सप्टेंबर ते १६ ऑक्टोबर. धोंड्याचा महिना म्हणजे जांवयाचा मान. आमच्या बहिणीनें तेहतीस अनारशांचें वाण फोनच्या पडद्यासमोर ठेविलें, जांवयांनीं तिकडून नमस्कार केला, आणि अनारसे आम्हींच खाल्ले. दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, राज्यांतलीं देवळें उघडलीं. अंबाबाईचा दरवाजा आठ महिन्यांनीं भक्तांसाठीं उघडला, पण भाचीला हवा होता तो उघडला नाहीं. संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने घालून ती पाटावर बसली. हलव्याचा हार जांवयासाठींही केला होता. तो डब्यांत ठेविला, आणि पावसाळ्यांत त्याला पाणी सुटलें.

येथें एक विचार आमच्या मनांत आला. अधिक मास हा तरी दुसरें काय आहे? बत्तीस-तेहतीस महिन्यांनीं पंचांग आपल्या वर्षांत एक महिना जास्तीचा घुसडतें, आणि सारे सण पुढें ढकलतें. तरी त्याबद्दल कोणी पंचांगकर्त्यावर रागावल्याचें ऐकिवांत नाहीं. कारण तो महिना केव्हां येणार आणि केव्हां जाणार हें आधींच छापलेलें असतें. जो विलंब आगाऊ सांगितला जातो, त्याला आपण व्रत म्हणतों, त्यांत दानधर्म करतों, अनारसे तळतों. जो सांगितला जात नाहीं, तो आयुष्यांतून वजा होतो.

वजा होतो हें शब्दशः खरें आहे. रंकाळ्यावर फिरावयास गेलें कीं ओळखीच्या बायका विचारीत, “काय गं, अजून इथंच?” त्यांच्या मनांत वाईट कांहीं नसे, पण भाचीनें रंकाळ्यावर जाणें सोडलें. नोकरीसाठीं अर्ज करावा तर महिन्याभरांत बोलावणें येईल कीं काय! एकदां ती म्हणाली, “मामा, दोन वर्षांनीं या असें पहिल्याच दिवशीं सांगितलें असतें, तर मी बी. एड. करून मोकळी झालें असतें.” या वाक्यांत रडणें नव्हतें, हिशेब होता. तिकडे जांवयांनीं दोघांसाठीं म्हणून मोठें घर घेऊन ठेविलें होतें, आणि त्याचें भाडें ते एकटे भरीत होते. “तूंच का येत नाहींस?” असें त्यांना इकडून सर्वजण विचारीत. पण त्यांच्या स्वतःच्या पारपत्रावरील शिक्क्याची मुदत संपलेली. येथें आल्यावर तो पुन्हां घ्यावयाचा तर त्याच बंद दाराशीं. जे कोणी आईबापांच्या आजारपणासाठीं धांवत आले, त्यांपैकीं कित्येक इकडे अडकले आणि त्यांचीं बायकामुलें तिकडे राहिलीं. विरहिणीचीं लक्षणें शास्त्रांत विस्तारानें आहेत; एकट्यापुरता कुकर लावणाऱ्या विरही नवऱ्याकडे फारसें कोणी पाहिलेलें नाहीं.

कोल्हापुरास असलें वाट पाहणें अगदींच अपरिचित नाहीं. शहराच्या पूर्वेस वळिवडे येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक स्त्रिया, मुलें आणि वृद्ध. सोव्हिएट सरकारनें १९४० व १९४१ सालीं त्यांना घरांतून उचलून सायबेरियाकडे व मध्य आशियाकडे नेलें. १९४२ त तीं इराणमार्गें बाहेर पडलीं. कर्ते पुरुष जनरल आंडर्स यांच्या सैन्यांतून इटलीच्या रणांगणावर गेले. १९४४ च्या मे महिन्यांत ज्या पोलिश सैन्यानें मोंटे कॅसिनोची टेकडी जिंकली, तें हेंच. वळिवड्याच्या बायकांना वाट लांबची आहे हें ठाऊक होतें; म्हणून त्यांनीं तेथें शाळा चालविल्या, चर्च उभें केलें, नाटकें बसविलीं. युद्ध संपलें म्हणजे भेट, एवढीच त्यांची मुदत. तें १९४५ सालीं संपलें, आणि त्याच जुलैंत इंग्लंड-अमेरिकेनें लंडन येथील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या नांवानें मुंबईची पोलिश वकिलात चाले, त्याच्या शिक्क्याला किंमत उरली नाहीं. पूर्वेकडल्या ज्या प्रांतांत पुष्कळांचीं घरें होतीं, तो सोव्हिएट संघांत गेला. पुढें सैन्य इंग्लंडांत नेण्यांत आलें, १९४७ च्या मार्चमध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें पोलिश लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, आणि मग सैनिकांच्या कुटुंबांस जहाजांतून जागा मिळूं लागल्या. युद्ध संपल्यावरही दोन-अडीच वर्षें गेलीं होतीं.

त्यांच्यामागून त्याच जागीं फाळणीनें बेघर झालेले सिंधी लोक आले. आज तें गांधीनगर म्हणून कापडाच्या घाऊक पेठेसाठीं प्रसिद्ध आहे. भाचीच्या लग्नाचा बस्ता आम्हीं तेथेंच बांधला होता.

भाची डिसेंबर २०२१ मध्यें गेली, आणि आतां सुखांत आहे. परंतु रांगा संपल्या नाहींत. पुढच्याच वर्षीं अमेरिकेस नुसत्या भेटीसाठीं जाऊं इच्छिणाऱ्या मुंबईकडील लोकांस मुलाखतीसाठीं पांचशेहून अधिक दिवसांची प्रतीक्षा सांगितली जात होती. आम्हांस त्यांतही एक समाधान दिसलें, कीं निदान आंकडा तरी सांगितला जात होता.

आपल्या घराचें दार केव्हां उघडावें आणि केव्हां लावावें हा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आहे; त्याबद्दल आमचें कांहींच म्हणणें नाहीं. आमचें मागणें लहान आहे. दार लावतांना त्यावर एक पाटी असावी. तारीख ठाऊक असेल तर तारीख लिहावी. ठाऊक नसेल तर तसें लिहावें, आणि पुन्हां केव्हां सांगूं तेवढें तरी लिहावें. कचेरीच्या दृष्टीनें ती एक ओळ आहे. बाहेर उभ्या असलेल्या दोन माणसांना त्या एका ओळीवर बी. एड. करतां येतें, लहान घर घेतां येतें, आणि भिंतीवरच्या रेघा मोजून ओढतां येतात.