चोवीस घोडे

आमच्या कर्जतला लांब पल्ल्याची गाडी थांबते ती दोन कारणांनी. एक वडा आणि दुसरे बँकर. प्रवाशांपैकी बहुतेकांना पहिलेच कारण ठाऊक असते. दिवाडकरांचा गरम वडा हातात पडला, की खिडकीशी बसलेल्या गृहस्थाला गाडी खास आपल्यासाठीच थांबवली असावी, असे वाटू लागते. तो वडा खाण्यात दंग असताना गाडीच्या शेपटाला दोन-तीन इंजिने येऊन चिकटतात. थोडासा धक्का बसतो, चटणी सदऱ्यावर सांडते, गृहस्थ काहीतरी पुटपुटतो. आणि ज्यांच्यामुळे चटणी सांडली त्याच इंजिनांच्या बळावर पुढे सह्याद्री चढून जातो.

या इंजिनांना बँकर म्हणतात. बँकेशी त्यांचा काही संबंध नाही. उसनवारीशी मात्र आहे. पुढचे इंजिन काही दुबळे नसते. सपाटीवर ते एकटे शेकडो मैल गाडी ओढते. पण कर्जत ते लोणावळा हा भोर घाटाचा टप्पा असा आहे, की काही ठिकाणी सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर जाणे होते. पायी चालणाऱ्याला हा चढ हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल. पण पोलादी रुळावर पोलादी चाक म्हणजे तेल लावलेल्या पाटावर बसल्यासारखे. त्याला तो डोंगरच. १८६३ साली ही वाट खुली झाली तेव्हापासून या घाटाच्या तोंडाशी प्रत्येक गाडीला एकच प्रश्न विचारला जातो : इंजिन पुरेल का? १९२८ च्या सुमारास विजेची मोठी इंजिने आली. त्यांच्या विचित्र आवाजामुळे आणि चालीमुळे लोक त्यांना ‘खेकडा’ म्हणत. एकेकाची ताकद २६०० अश्वशक्तीच्या आसपास. तरीही बँकर काही सुटले नाहीत.

अशा गावात वाढलेल्या मुलाने मोटारसायकल घेतल्यावर त्याच्या डोक्यात कोणता किडा वळवळेल, हे सांगायला ज्योतिषी नको. माझ्या पुतण्याकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन आहे. हिचा जन्मच डोंगरदऱ्यांतून, खाचखळग्यांतून लांबच्या प्रवासाला जाण्यासाठी. २०१६ साली ती बाजारात आली तेव्हा तिचे इंजिन ४११ सीसीचे होते आणि ताकद चोवीस अश्वशक्तीची. पुतण्याची गाडी तीच. २०२३ च्या अखेरीस त्याच नावाची नवी गाडी निघाली. ४५२ सीसीची आणि चाळीस अश्वशक्तीची. झाले! जी गाडी काल लेहला न्यायची होती, ती आज मित्रमंडळींच्या मते खोपोलीलाही नेण्याच्या लायकीची उरली नाही. “पॉवर कमी पडते रे,” एवढे चार शब्द चहाच्या टपरीवर कुणीतरी टाकले आणि मुलाची झोप उडाली.

हा निव्वळ हौसेचा मामला असता तर मी त्यात पडलो नसतो. पण माझा भाऊ गेल्यापासून ते घर याच मुलाच्या पगारावर चालते. खोपोलीच्या एका कारखान्यात तो पाळीवर जातो. धाकटी बहीण पुण्याला नर्सिंगच्या कॉलेजात शिकते. तिची फी दर वर्षी ठरल्या वेळी दाराशी उभी राहते. जुनी गाडी विकून नवी घ्यायची म्हणजे वरच्या रकमेचे कर्ज आणि त्याचे हप्ते. एके संध्याकाळी वहिनी आल्या आणि पदराने हात पुसत म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही जन्मभर शाळेत हेच शिकवलंत ना? मग एकदा त्याला नीट सांगा, त्या गाडीची ताकद पुरते की नाही. पुरत नाही म्हणालात, तर मी मध्ये येणार नाही. घाटात पोराची गाडी दमायला नको.”

मास्तरला आणखी काय हवे? मी पाटी नसल्यामुळे वर्तमानपत्राचा कोरा काठ घेतला आणि पुतण्याला समोर बसवले.

अश्वशक्ती हा शब्द मोठा फसवा आहे. जेम्स वॉटला आपली वाफेची यंत्रे खपवायची होती. ती घोड्यांची जागा घेणार, म्हणून एक यंत्र किती घोड्यांचे काम करील हे गिऱ्हाइकाला सांगणे त्याला भाग होते. आपल्या किलो-मीटरच्या भाषेत बोलायचे, तर पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलले, की एक अश्वशक्ती झाली. माथेरानचा घोडा दिवसभर हे करीत राहील असे मला वाटत नाही. आणि माणूस? डोक्यावर भाजीची पाटी घेऊन पायथ्याच्या वाडीतून माथेरान चढणारी ठाकर बाई घ्या. ती आणि तिची पाटी मिळून पंचाहत्तर किलो धरले आणि ती तासात तीनशे मीटर उंच चढली असे मानले, तर तिची ताकद एका घोड्याच्या बाराव्या हिश्श्याएवढी भरते. तेवढ्या ताकदीवर ती रोज डोंगर चढते. वर पोचते. भाजी विकून खालीही येते. ‘पॉवर कमी पडते’ असे तिला कुणी अजून सांगितलेले दिसत नाही.

आता गाडी घेऊ. गाडी दोनशे किलोची. चालवणारा, मागे बसणारा आणि सामान मिळून दीडशे. एकूण साडेतीनशे किलो. चढ चांगला खडा धरू. दहा मीटरला एक मीटर. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. याचा अर्थ साडेतीनशे किलोचा हा संसार दर सेकंदाला एक मीटर उंच चढतो आहे. साडेतीनशेला पंचाहत्तरने भागा. पावणेपाचही घोडे होत नाहीत. वाऱ्याचा, टायरांचा आणि साखळीचा कर म्हणून आणखी दोन-सव्वादोन घोडे द्या. सात झाले! चोवीसपैकी सात.

पुतण्या काही माझ्या हाती सहज लागणारा नव्हता. तो म्हणाला, “पण काका, चोवीस मिळतात ते इंजिन साडेसहा हजार फेऱ्यांवर किंचाळत असताना. घाटात तसं कोण चालवतं?” मुद्दा अगदी बरोबर होता. पण याच इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, चार-साडेचार हजार फेऱ्यांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो, आणि त्याच्या खालीही तो फारसा ढळत नाही. साडेतीन हजार फेऱ्यांवर पंधरा घोडे जागे असतात. सातांचे काम पंधरांकडे दिले तर तक्रार कोण करणार?

“आणि लडाखला?” त्याने शेवटचा बाण काढला. खारदुंग ला ही खिंड ५३५९ मीटर उंचीवर आहे. तिथली हवा इतकी विरळ, की इंजिनाला श्वासच निम्मा मिळतो आणि चोवीस घोड्यांचे तेरा-चौदा उरतात. मात्र त्या वाटेवर बर्फ, दगड आणि वळणे यांतून गाडी जाते ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने. वेग उतरला की ताकदीची मागणीही उतरते; चार-पाच घोड्यांत भागते. तिथे दम लागतो तो गाडीआधी माणसाला.

मग चोवीस घोडे अपुरे पडतात तरी कुठे? गंमत अशी, की ते डोंगरावर पडत नाहीत, सपाटीवर पडतात! घाटात वजन उचलायचे असते. सपाट रस्त्यावर भिडायचे असते वाऱ्याशी, आणि वाऱ्याचा हिशेब सावकारी आहे. वेग दुप्पट केला की वाऱ्याला द्यायची ताकद आठपट होते. दोन माणसे आणि सामान घेऊन ताशी शंभरने जायला बारा-तेरा घोडे लागतात. एकशेवीसने जायला वीस-एकवीस. म्हणजे चोवीसांतले जवळजवळ सगळे कामाला जुंपले. पुढचा ट्रक ओलांडायला मागे कोणी उरले नाही. ज्याला रोज सरळ हमरस्त्याने, मागे कुणाला बसवून, मोठ्या वेगाने शेकडो किलोमीटर जायचे आहे, त्याच्यासाठी चाळीस घोडे ही चैन नव्हे. ट्रकच्या बाजूने लवकर निसटून जाता येणे ही सुरक्षितताच आहे. हेही मी काठावर स्पष्ट लिहिले. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. कर्जत-खोपोलीच्या रस्त्यावर एकशेवीसचा वेग कुणी काढू नये, आणि काढलाच तर त्याच्या आईला कळू नये.

वेगाचे आणि ताकदीचे हे नाते आमच्या शेजारच्या नेरळला कळून शंभराहून अधिक वर्षे झाली. १९०७ साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी वीसात एक असा चढ चढते. भोर घाटाच्या जवळजवळ दुप्पट. बँकर तिला नाही. एकवीस किलोमीटरला ती दोन तासांहून जास्त वेळ घेते, एवढेच. तिला घाई नाही. म्हणून थोड्या घोड्यांत तिचा संसार भागतो.

कागदावरचे गणित घाटात तपासावे म्हणून एका रविवारी मी स्वतः पुतण्याच्या मागे बसलो. खोपोलीहून जुन्या रस्त्याने निघालो. शिंगरोबाच्या देवळाशी जाणारे-येणारे गाडी हळू करून नाणे टाकतात; घाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या धनगराचे ते ठाणे, असे सांगतात. आम्हीही हात जोडले. पुढची खडी वळणे गाडीने दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये, कुरकुर न करता, सावकाश घेतली. माझे वजन गणितात धरल्यापेक्षा थोडे जास्तच होते. पण तिने ते चारचौघांत बोलून दाखवले नाही.

शिकायला मिळाले ते उतरताना. आमच्या आळीत एक तात्या आहेत. बँकरवर ड्रायव्हर म्हणून त्यांचा उभा जन्म गेला. ते नेहमी सांगतात, “घाट चढणाऱ्या गाडीची लोकांना काळजी. आम्हाला काळजी उतरणाऱ्या गाडीची. चढताना ताकद कमी पडली, तर गाडी उभी राहते. उतरताना कमी पडली, तर उभी राहत नाही.” म्हणूनच घाट उतरणारी रेल्वेगाडी मंकी हिलला आणि ठाकूरवाडीला थांबवून तिचे ब्रेक पारखतात. कुणी निसटलीच, तर तिला चढावर नेऊन थोपवणारे वेगळे रूळ टाकलेले आहेत. मोटारसायकलचेही तसेच. खालच्या गिअरमध्ये इंजिनानेच गाडी आवरून धरायची. न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवायचे नाही. त्या रविवारी उतरताना पुतण्याच्या मागच्या ब्रेकने हलकेच कण्हायला सुरुवात केली. गाडीची ताकद किती याची चर्चा टपरीवर वर्षभर झाली होती; ब्रेक किती झिजला याची एकदाही नाही.

खाली खोपोलीत चहा घेताना मी विचारले, “मग? पुरते का?”

“पुरते,” तो म्हणाला. थोडा थांबून, कपात बघत पुढे म्हणाला, “पण काका, ती नवी हवीशी वाटते.”

मला त्याचे हे बोलणे फार आवडले. ‘पुरते का’ आणि ‘हवी का’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर भागाकाराने निघते. दुसऱ्याचे निघत नाही, आणि ते काढायला मास्तरांनी जाऊही नये. पंचविशीतल्या मुलाला चाळीस घोडे हवेसे वाटणे यात गैर काय? गैर एवढेच, की ‘हवी’ला आपण ‘पुरत नाही’चा वेष चढवतो आणि मग त्या वेषावर कर्ज काढतो. मी वहिनींना दोन्ही उत्तरे वेगवेगळी सांगितली. त्याने स्वतःच ठरवले, की धाकटीचे शिक्षण संपेपर्यंत हीच गाडी. तात्यांना हे कळले तेव्हा त्यांनी त्याला बँकर सुचवला. साखळीचे पुढचे दातेरी चाक एक दात कमीचे बसवायचे. सपाटीवरचा वेग जरा कमी होतो, पण चढाला ओढ वाढते. थोडक्या पैशांत ते काम झाले. त्याच दिवशी ब्रेकही नवे झाले.

यंदा भाऊबीजेला धाकटीला सुट्टी नाही. शिकाऊ परिचारिकेला सणाच्या दिवशीही वॉर्डात उभे राहावे लागते. तेव्हा ओवाळून घ्यायला भावानेच पुण्याला जायचे ठरले आहे, आणि आई मागे बसणार आहे. काल वहिनी चकलीचा सोऱ्या न्यायला आल्या होत्या. दाराशी थबकून त्यांनी विचारले, “भाऊजी, आम्ही दोघं, फराळाचे चार डबे आणि तिची रजई. घाट चढेल ना हो?”

“चढेल,” मी म्हणालो. “सावकाश जा म्हणावं. आणि डबे घट्ट बांधा.”