सगळ्यात मोठे सर कोणते?

शालेय स्पर्धांचा हंगाम सरला, दिवाळी झाली आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरू लागल्या, की भंडारा जिल्ह्यातल्या जुन्या कबड्डीपटूंमध्ये एक वाद हमखास पेटतो. सगळ्यात मोठे पीटीचे सर कोणते? मंडईला बाहेरगावी गेलेले घरी येतात, पाहुणे येतात, रात्री दंडार किंवा नाटक सुरू व्हायला वेळ असतो. चहाच्या टपरीवर चार पन्नाशीचे गडी जमले की कोणीतरी ठिणगी टाकतोच. पवनीकडचा म्हणतो आमचे सर, तुमसरचा म्हणतो आमचे, साकोलीवाला दोघांनाही मोडीत काढतो. आवाज इतका चढतो की वाटावं, शेताच्या धुऱ्यावरून भांडण चाललंय.

मी या वादात मनापासून भाग घेतो. कारण या वादाशिवाय त्या माणसांची दुसरी नोंद कुठेच नाही. शाळेच्या कार्यालयात काचेच्या कपाटात ढाली असतात. त्यांवर शाळेचं नाव असतं, वर्ष असतं, कधी कर्णधाराचं नाव असतं. भिंतीवरच्या लाकडी फळ्यावर आजवरच्या मुख्याध्यापकांची नावं सोनेरी रंगात लिहिलेली असतात. ज्यांनी पहाटे पाचला पोरांना घरून उठवून मैदानावर आणलं, त्यांचं नाव मात्र कुठे नसतं. मुंबईच्या शालेय क्रिकेटचं नशीब वेगळं. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळी जोडीनं ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पोरांबरोबर त्यांच्या आचरेकर सरांचं नावही घरोघरी पोचलं. दोन वर्षांनी त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. ते त्या मानाचे धनीच होते. पण आमच्या धानाच्या पट्ट्यातही तसेच झिजलेले लोक होते, आणि त्यांचा धावफलक कोणी ठेवला नाही.

वादातला पहिला मुद्दा नेहमी ढालींचा. ‘आमच्या सरांनी इतक्यांदा जिल्हा मारला.’ त्यावर जाणता माणूस लगेच विचारतो, ‘कोणता जिल्हा? नव्व्याण्णवच्या आधीचा की नंतरचा?’ प्रश्न रास्त आहे. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. त्याआधी जिल्हा जिंकायचा म्हणजे आजच्या भंडाऱ्याचे सात आणि गोंदियाचे आठ तालुके, एवढ्या मुलखातल्या शाळांना पुरून उरायचं. सालेकसा-देवरीकडची जंगलपट्टीतली पोरं तेव्हा आमच्यासमोर उभी राहायची. अंगानं बारीक, पण पायात अशी चपळाई की घोटा हाताला लागला म्हणेस्तोवर पोरगं मध्यरेषेपार. त्यांना हरवणाऱ्या सरांची एक ढाल नंतरच्या दोन ढालींच्या बरोबरीची, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हाचे बरेचसे सर अमरावतीहून शिकून आलेले. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या चमूनं कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं जर्मनीत करून दाखवली होती. तिथून पदवी घेतलेला तरुण वैनगंगेकाठच्या एखाद्या शाळेत रुजू व्हायचा आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याला कळायचं की इथे खरा प्रतिस्पर्धी धानाची रोवणी आहे. तालुका स्पर्धांची तयारी ऐन पावसाळ्यात, आणि त्याच दिवसांत घरातले सगळे हात बांधीत हवे असतात. पोरगा सरावाला आला तर पऱ्हे कोण वाहणार? आमचे सर त्यासाठी भांडत बसले नाहीत. ते चिखलात उतरून पोराच्या बापाशेजारी दुपारभर रोवणी करायचे आणि संध्याकाळी पोराला मागून घेऊन जायचे. बाप नाही कसा म्हणेल? ‘न्या जी सर, पण हातपाय मोडून आनू नका,’ एवढंच.

मैदान म्हणजे काळी-पिवळी माती. पाणी मारायचं, धुम्मस करायची, खडे वेचायचे आणि मग फक्की टाकून रेघा आखायच्या. ही सगळी कामं खेळाडूंची. ज्यानं खडे वेचले, तो पडताना मातीला भीत नाही, असा सरांचा हिशेब असावा. दमाचा सराव मात्र नदीवर. कारध्यापासून पवनीपर्यंत वैनगंगेच्या पात्रात उन्हाळी पांढऱ्या रेतीचे लांबच लांब पट्टे उघडे पडायचे. त्या रेतीत घोट्यापर्यंत पाय रुतवत, ‘कबड्डी कबड्डी’ एका दमात म्हणत पळायचं. जिथे दम तुटेल तिथे सर पायानं रेघ मारायचे. दुसऱ्या दिवशी ती रेघ ओलांडायची. घड्याळ नव्हतं, तीस सेकंदांची मर्यादा नव्हती. दम हाच चढाईचा वेळ.

आज त्या रेतीवर कोणी पळत नाही. १९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसेखुर्दच्या धरणाचं पाणी मागे पसरत भंडाऱ्यापर्यंत आलं. काही पट्टे पाण्याखाली गेले, उरलेल्या घाटांची रेती ट्रकांनी नेली. धरणात जी गावं गेली, त्यांच्याबरोबर त्यांची मैदानंही गेली. पुनर्वसनात घरांचे प्लॉट पडले, रस्ते झाले. पण वीस वर्षं पाणी मारून, तुडवून घट्ट झालेली कबड्डीची जमीन अशी उचलून नेता येत नाही. पवनी तालुक्यातले माझे मित्र त्यांच्या सरांची गोष्ट सांगताना आधी मैदान कुठे होतं ते हातानं दाखवतात, आणि हात पाण्याकडे जातो.

शिकवण्याची तऱ्हाही सांगायला हवी, नाहीतर कष्टांचंच कौतुक होतं आणि कसब राहून जातं. आमच्या सरांनी डावा कोपरा कसा घडवला ते मी जवळून पाहिलंय. कोपऱ्यावरच्या पोराच्या दोन पावलांभोवती ते फक्कीनं खुणा करायचे: पुढचं पाऊल इथं, मागचं तिथं, टाच किंचित उचललेली. समोर चढाईला स्वतः यायचे. हात फिरवायचे, डोळे मोठे करायचे, डावीकडे बघून उजवीकडे झेप घ्यायचे. पोरगं फसलं की म्हणायचे, ‘डोळ्यांत काय पाह्यतं? कमरेत पाह्य. मानूस डोळ्यानं फसवते, कंबर जिकडं वळली तिकडंच पाय येते.’ मग घोटा धरायचा तो दोन्ही हातांनी, अंगठे आत, आणि धरल्याबरोबर मागे ओढायचं नाही. खांदा मांडीला लावून आधी त्याचा तोल घ्यायचा. तोवर मधल्या साखळीनं येऊन झडप घातलीच पाहिजे. ती आली नाही तर शिव्या साखळीला, कोपऱ्याला नाहीत. आज प्रो कबड्डीत एखादा नामी कोपरारक्षक घोटा धरतो आणि समालोचक ओरडतो, तेव्हा मला ती फक्कीची पावलं दिसतात.

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतरचं चित्र वेगळं आहे. बरं की वाईट, हे एका शब्दात सांगता येणार नाही. पोरांना आता यू मुंबा आणि पुणेरी पलटणचे खेळाडू नावानिशी ठाऊक असतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण घेतलाच पाहिजे, हे सातवीतलं पोरगं समजावून सांगतं. मोबाईलवर चढाई पुन्हा पुन्हा पाहता येते. आमच्या वेळी चूक कुठे झाली हे सर सांगतील तेच खरं. मॅटवर गुडघे सोलत नाहीत. आमच्यातल्या निम्म्यांच्या कोपरांवर अजून मातीचे वण आहेत, आणि त्यात काही मोठेपणा नाही. पण गावातलं पोरगं वर्षभर मातीवर अनवाणी खेळतं आणि वरच्या फेरीला गेल्यावर एकदम मॅटवर बूट घालून उभं राहतं. पाय अडकतो, झेप आखूड पडते. त्या दिवशी हरतो तो सराव, पोरगं नव्हे.

मोठा फरक माणसात पडला. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी, तेही शंभरावर पट असेल तर, कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अंशकालीन निदेशक पुरेसा मानला. कायद्यातला एक शब्द, पण खेड्यातल्या शाळेत त्याचा अर्थ असा की पीटीचे सर निवृत्त झाले, की त्यांच्या जागी पूर्णवेळ माणूस येईलच याची खात्री नाही. गणिताचे किंवा इतिहासाचे सर संघ घेऊन तालुक्याला जातात. बिचारे प्रामाणिकपणे जातात, पोरांना जेवू घालतात, सुखरूप परत आणतात. पण कंबर पाहायला कोण शिकवणार? महामार्गाच्या कडेला पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी पळताना दिसतात, त्यांना घड्याळ लावून पळवणारे तरुण प्रशिक्षकही दिसतात. त्यांची मेहनत मी कमी लेखत नाही; त्या भरतीवर कित्येक घरं उभी राहिलीत. वादात काहीजण हाच निकष लावतात, कोणत्या सरांची किती पोरं वर्दीत गेली. निकष वजनदार आहे, पण मला तो पुरत नाही. सरांनी ज्या पोराला राखीव बाकावरून कधी उठवलंच नाही आणि तरीही जे पोरगं तीन वर्षं रोज सरावाला आलं, त्याला काय मिळालं हेही कोणीतरी विचारलं पाहिजे.

आता माझं मत. माझा कौल ढाली जिंकणाऱ्या सरांना नाही, आमच्या स्वतःच्या सरांनाही नाही. शेजारच्या तालुक्यात एक सर होते, ज्यांनी १९८० च्या दशकात खेड्यातल्या मुलींचा कबड्डी संघ उभा केला. आज हे वाचताना त्यात काय विशेष असं वाटेल. तेव्हा मुलीला हाफ पँट घालून मैदानात उतरवायचं म्हणजे गावभर चर्चा. त्या सरांनी मुलींना सलवारीवर सराव दिला, मैदानाभोवती तट्टे उभे केले, आणि अंधार पडला की प्रत्येक मुलीला तिच्या दारात पोचवूनच घरी गेले. बाहेरगावी सामना असला की स्वतःच्या बायकोला एस.टी.त बरोबर घेऊन जायचे, म्हणजे आयांना धीर यायचा. त्या बाईंचं नाव कोणत्याच वादात निघत नाही, ते निघायला हवं.

विरोधक म्हणतात, त्या सरांनी जिल्हा कधी मारला नाही. खरं आहे. मी त्यांना २०१८ ची आठवण करून देतो. जकार्ताच्या आशियाई खेळांत इराणच्या मुलींनी भारताला २७-२४ असं हरवून सुवर्ण घेतलं. २०१० आणि २०१४ चं सुवर्ण आपलं होतं, त्यामुळे घाव खोल होता. त्या इराणी मुलींना शिकवलं कोणी? शैलजा जैन यांनी. नागपूरकडून आलेल्या, नाशिकमध्ये आयुष्यभर पोरींना कबड्डी शिकवलेल्या मराठी बाई. आपल्या मुलखात मुलींची कबड्डी शिकवण्याची विद्या किती मुरलेली आहे, ते दुसऱ्या देशाच्या पोरींनी आपल्याला दाखवलं. ती विद्या मुरवण्यात तट्टे बांधणाऱ्या सरांसारख्या कितीतरी जणांची वर्षं गेली आहेत.

यंदाच्या मंडईत वादाला नवं वळण लागलं. त्या सरांच्या पहिल्या संघातली एक जण आता आजी झाली आहे. तिच्या गावच्या शाळेत पीटीचं पद रिकामं, म्हणून दोन वर्षांपासून ती संध्याकाळी नातीच्या वर्गातल्या मुली गोळा करते आणि धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत धसकटं काढून सराव घेते. शाळेचा पगार नाही, पद नाही. टपरीवर एकानं तिचं नाव काढलं तेव्हा दुसरा म्हणाला, ‘ते का सर हाय का बापा?’ त्यावर जे भांडण सुरू झालं ते नाटकाची पहिली घंटा झाली तरी मिटलं नव्हतं. मी तिच्या बाजूनं बोललो. साकोलीवाला पहिल्यांदाच माझ्या बाजूनं होता. तुमसरवाला अजून तयार नाही. तो म्हणतो, आधी तिच्या पोरींनी तालुका काढून दाखवावा.